भरणाऱ्याला चुकायला जागा न देणारा वर्डचा अर्ज

वर्डमध्ये अर्ज करायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत असते. ‘नाव’ लिहायचं, पुढे विसर्गासारखे दोन टिंब द्यायचे आणि अंडरस्कोअरची कळ रेघ पानाच्या कडेला जाईपर्यंत दाबून धरायची. अर्ज छापून पेनाने भरायचा असेल तर हे चालून जातं. तीच फाइल व्हॉट्सॲपवरून गेली की भरणारा रेघेच्या मध्येच क्लिक करून टाइप करायला लागतो. रेघ पुढे सरकते, तुटते, खालच्या ओळीत उतरते आणि ‘तालुका’ हा शब्द भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. दिसायला वाईट दिसतं ते सोडून द्या, खरा तोटा वेगळाच आहे. रेघ भरणाऱ्याला काहीच सांगत नाही. मराठीत लिहायचं की इंग्रजीत, एकरात की हेक्टरमध्ये, आडनाव आधी की नाव, हे सगळं त्याच्यावर सोडलेलं असतं. मग जितके अर्ज, तितक्या तऱ्हा.

इथे उदाहरणाला द्राक्ष बागायतदारांचा नोंदणी अर्ज घेऊ. दिंडोरी, निफाड, चांदवडकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि पॅकहाउसना (द्राक्षं निवडून पॅक करणाऱ्या केंद्रांना) हंगामाआधी असा अर्ज लागतोच. तो कधी शेतकरी स्वतः भरतो, कधी त्याची कॉलेजात जाणारी मुलगी, तर कधी नाशिकला सीबीएस बसस्थानकाच्या बाजूला टायपिंगच्या दुकानात बसलेला ऑपरेटर. प्रत्येकाकडे वर्डची आवृत्ती वेगळी, कीबोर्ड वेगळा आणि घाई सारखीच.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. वर्ड भरणाऱ्याला वाट दाखवतो, उत्तर तपासत नाही. मोबाइल क्रमांकाच्या जागी नऊ आकडे आले किंवा तारखेच्या जागी ‘दसऱ्यानंतर’ असं लिहिलं, तरी वर्ड सहसा तक्रार करणार नाही. उत्तर तपासून घ्यायचंच असेल तर गूगल फॉर्म किंवा एक्सेल हे जास्त योग्य साधन. वर्ड घ्यायचा तो अर्ज शेवटी छापायचा आहे, सही-अंगठा घ्यायचा आहे, फाइलला लावायचा आहे म्हणून. तेव्हा चुका टाळण्याचं काम प्रश्नाच्या शब्दांनी, पर्यायांच्या यादीने आणि एककांनी करायचं असतं. मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये घालायचा छोटा प्रोग्रॅम, लिहून तपासणी घालता येते, पण इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो वर्ड आता मुळातच अडवतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्जात मॅक्रो घालणं म्हणजे फुकटची मेहनत.

आधी प्रश्न, मग वर्ड

वर्ड उघडण्याआधी कोऱ्या कागदावर प्रत्येक रकाना लिहा. त्याच्यासमोर तीन गोष्टी मांडा: हे उत्तर ऑफिसात कोण वापरणार, ते कशावरून पाहून भरलं जाणार, आणि चुकलं तर कसं चुकेल. पहिल्याचं उत्तर ‘कुणी नाही’ असेल तर रकाना काढून टाका. आधार क्रमांकाचे रकाने असेच जुन्या अर्जावरून नव्यावर उतरत जातात. ओळख पटवायची असेल तर शेवटचे चार आकडे पुरतात. पूर्ण क्रमांक असलेली फाइल दहा जणांच्या फोनवर फिरणं बरं नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. ‘क्षेत्र’ हा रकाना घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. बोलताना मात्र आपण एकर-गुंठ्यांतच बोलतो. आता एखाद्याने रकान्यात नुसतं १.२० लिहिलं. हे १ हेक्टर २० आर असेल तर जवळपास तीन एकर झाले. १ एकर २० गुंठे असतील तर दीड एकर, कारण एकराला ४० गुंठे, आणि दीड एकर म्हणजे साधारण ०.६१ हेक्टर. एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. या क्षेत्रावरून मालाचा अंदाज बांधला जाणार, क्रेट आणि गाड्या ठरणार. यावर उपाय म्हणून कुणी एककाची यादी देतं, ‘एकर’ किंवा ‘हेक्टर’ निवडा म्हणून. ते चालत नाही, कारण घाईतला माणूस यादीला हातच लावत नाही. त्यापेक्षा दोन वेगळे रकाने करा, एकावर ‘हेक्टर’ आणि दुसऱ्यावर ‘आर’, आणि वर शीर्षक द्या: ‘क्षेत्र, सातबाऱ्यावर आहे तसं’. आता दशांश चिन्हाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय गटाचं, म्हणजे सातबाऱ्यावरच्या जमिनीच्या तुकड्याचं, एकूण क्षेत्र आणि त्यातलं द्राक्षाखालचं क्षेत्र हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकात कोंबले तर काही जण पहिलं लिहितील, काही दुसरं.

नावाचंही तसंच. ‘संपूर्ण नाव’ म्हटलं की निम्मे आडनावाने सुरुवात करतात, निम्मे नावाने. पैसे बँकेत जमा करायचे असतील तर ‘नाव, बँक पासबुकावर आहे तसं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत’ आणि त्याखाली ‘नाव मराठीत’ असे दोन रकाने ठेवा. पासबुक समोर धरून भरलेलं नाव सहसा चुकत नाही.

फॉन्ट आणि स्टाइल

मराठी अर्जांचा निम्मा गोंधळ इथला असतो. टेम्प्लेट, म्हणजे अर्जाचा मूळ साचा, युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अर्ज उघडला की प्रश्नांच्या जागी निरर्थक अक्षरं दिसतात, आणि भरणाऱ्याने युनिकोडमध्ये टाइप केलं तर एकाच पानावर दोन जातींचा मजकूर होतो. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट सगळ्या संगणकांवर असतो, तो घेतला की झालं. मुक्ता किंवा नोटोसारखा फॉन्ट हवा असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर खूण करा.

देवनागरीसाठी वर्डमध्ये फॉन्टची वेगळी खिडकी असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फॉन्टचा डायलॉग उघडला की वर ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतात. देवनागरी दुसऱ्या भागाचं ऐकते. पहिल्या भागात १२ आकार ठेवला आणि खाली ११ राहिला, तर आकडे मोठे आणि अक्षरं लहान असा ध्यान अर्ज तयार होतो. दोन्ही भागांत तोच फॉन्ट आणि तोच आकार द्या, आणि हे काम मजकूर निवडून नव्हे, स्टाइलमध्ये (नाव देऊन साठवलेल्या फॉन्ट-आकाराच्या ठेवणीत) करा.

तीन स्टाइल पुरतात: ‘प्रश्न’, ‘उत्तर’ आणि ‘सूचना’. ‘उत्तर’ स्टाइलमध्ये दोन गोष्टी न विसरता करा. एक, फॉरमॅट बटणातून लँग्वेजमध्ये जाऊन स्पेलिंग तपासू नये ही खूण लावा, नाहीतर प्रत्येक आडनावाखाली आणि गावाखाली लाल नागमोडी रेघ येते आणि भरणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलंय. दुसरी, ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका. देवनागरीत वर रफार-वेलांटी असते, खाली उकार असतो. ठरावीक अंतरात ते कापले जातात, आणि ‘र्कू’सारखं अक्षर वरून-खालून छाटलेलं छापून येतं. ‘सिंगल’ किंवा ‘ॲट लीस्ट’ घ्या.

सांगाडा टेबलचा

स्पेस आणि टॅब मारून रकाने जुळवू नका. सगळा अर्ज टेबलमध्ये बांधा. कागद ए-फोर आहे ना, ते आधी पाहा. अमेरिकन सेटिंग असलेल्या वर्डमध्ये लेटर आकार येतो आणि छापताना खालची सहीची ओळ दुसऱ्या पानावर जाते. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर असे दोन स्तंभ सगळ्यात सुटसुटीत. चार स्तंभ केले तर टॅबची कळ ओळीने डावीकडून उजवीकडे जाते हे लक्षात ठेवून प्रश्न त्याच क्रमाने लावा.

टेबल प्रॉपर्टीजमध्ये ऑप्शन्स बटण आहे, तिथली ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स’ ही खूण काढा. ती राहिली तर लांब पत्ता लिहिल्याबरोबर उत्तराचा स्तंभ फुगतो आणि प्रश्नाचा आकसतो. रो टॅबमध्ये उंची ‘ॲट लीस्ट’ ०.८ सेंमी ठेवा आणि ओळ पानावर तुटू देणारी खूण काढून टाका. सही-अंगठ्याच्या ओळीला किमान २ सेंमी द्या. फोटोसाठी ३.५ बाय ४.५ सेंमीचा रकाना ठेवा आणि त्यात पिक्चर कंटेंट कंट्रोल, म्हणजे वर्डची चित्र भरायची चौकट, टाका; कंट्रोल कसे टाकायचे ते पुढे येतंच.

एक खोड सांगायला हवी. संरक्षण (त्याबद्दल पुढे ‘कुलूप’मध्ये) न लावलेल्या टेबलमध्ये शेवटच्या रकान्यात टॅब दाबला की नवी ओळ तयार होते. अर्जाच्या शेवटी दोन-तीन रिकाम्या ओळी लटकलेल्या दिसल्या तर कारण हे असतं.

कंटेंट कंट्रोल

आता मुख्य काम. रिबनवर डेव्हलपर टॅब दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन असं जाऊन उजव्या यादीत ‘डेव्हलपर’वर खूण करा. त्या टॅबच्या ‘कंट्रोल्स’ गटात सगळं आहे. उत्तराच्या रकान्यात कर्सर ठेवायचा, हवा तो कंट्रोल टाकायचा, मग ‘प्रॉपर्टीज’ उघडायची.

प्रॉपर्टीजमध्ये ‘टायटल’ म्हणजे क्लिक केल्यावर रकान्याच्या डोक्यावर दिसणारी छोटी पट्टी. तिथे मराठीत नाव द्या. ‘टॅग’ पडद्यामागचा असतो, पुढे माहिती वेगळी काढायची असेल तेव्हा उपयोगी पडतो. टॅग साधा आणि प्रत्येक रकान्याचा वेगळा ठेवा. त्याखाली ‘यूज अ स्टाइल...’ या ओळीवर खूण करून आपली ‘उत्तर’ स्टाइल निवडा. हे केलं नाही तर भरलेला मजकूर दुसऱ्याच फॉन्टात येतो. ‘कंटेंट कंट्रोल कॅनॉट बी डिलीटेड’वर खूण हवीच, कारण बॅकस्पेस दाबत राहिलं की रकानाच उडतो. ‘रिमूव्ह कंटेंट कंट्रोल व्हेन कंटेंट्स आर एडिटेड’ मात्र अर्जात लावू नका. ती सोय पत्राच्या टेम्प्लेटसाठी ठीक; अर्जात एकदा टाइप केलं की रकान्याची ओळखच जाते.

साधा मजकूर हवा तिथे ‘प्लेन टेक्स्ट’ घ्या, ‘रिच टेक्स्ट’ नको. रिच टेक्स्टमध्ये कुणी वेबपेजवरून पत्ता चिकटवला की रंग, दुवे, टेबल सगळं बरोबर येतं. पत्त्यासाठी प्लेन टेक्स्टमध्येच ‘अलाऊ कॅरेज रिटर्न्स’ लावा, म्हणजे एंटर चालेल.

रकान्यात आधीपासून दिसणारा ‘क्लिक ऑर टॅप हिअर टू एंटर टेक्स्ट’ बदलायचा असेल तर डिझाइन मोड चालू करा, तो मजकूर पुसून आपला लिहा, डिझाइन मोड बंद करा. इथे ‘येथे माहिती लिहा’ असं लिहिणं म्हणजे न लिहिल्यासारखंच. मोबाइलच्या रकान्यात ‘१० आकडी, सुरुवातीला शून्य नको’, आयएफएससीच्या रकान्यात ‘११ अक्षरं, पासबुकाच्या पहिल्या पानावर, पाचवं अक्षर शून्य असतं’ असं नेमकं लिहा. ते पाचवं शून्य इंग्रजी ओ समजून टाइप होणं ही बँकेच्या रकान्यातली नेहमीची चूक, म्हणून ती सूचना आधीच द्यायची.

पण या राखाडी मजकुराला दोन मर्यादा आहेत. टाइप करायला लागताच तो नाहीसा होतो. म्हणजे ‘हेक्टर’ सारखी जी सूचना भरताना आणि नंतर वाचतानाही लागणार, ती प्रश्नाच्या बाजूला कायमची छापलेली हवी. आणि रकाना रिकामा राहिला तर राखाडी मजकूर तसाच छापला जातो. अर्ज कोरा छापून पेनाने भरायलाही द्यायचा असेल तर एकाच फाइलकडून दोन्ही कामं करून घेण्याच्या नादी लागू नका. पेनाची प्रत वेगळी ठेवा. तिच्यात कंट्रोल नाहीत, रकाने रुंद, ओळीची उंची १ सेंमीच्या वर.

यादी कुठे, मोकळी जागा कुठे

उत्तरं मोजकी आणि ठरलेली असतील तर ड्रॉपडाउन. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके, म्हणजे तालुका हा ड्रॉपडाउनचाच रकाना. मोकळा सोडला तर कुणी ‘बागलाण’ लिहील, कुणी ‘सटाणा’; कुणी ‘त्र्यंबकेश्वर’, कुणी नुसतं ‘त्र्यंबक’. नंतर तालुकावार छाननी करताना एकाच तालुक्याचे तीन ढीग होतात. यादीत ‘बागलाण / सटाणा’ असं दोन्ही नावांनी लिहा, म्हणजे शोधणारा अडत नाही. प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲड’ दाबून एकेक नाव घालायचं, मूव्ह अप-डाउनने क्रम लावायचा. सदस्य मुख्यतः दिंडोरी-निफाडचे असतील तर ती दोन नावं वर घ्या, बाकीची अकारविल्हे. पहिली ‘चूज ॲन आयटम’ ही ओळ निवडून मॉडिफाय दाबा आणि ‘तालुका निवडा’ असं करा. ती काढून टाकू नका.

गावासाठी ड्रॉपडाउन करू नका. यादी संपणार नाही, आणि तालुका निवडल्यावर त्याच तालुक्यातली गावं दिसावीत हे मॅक्रोशिवाय जमत नाही. तिथे प्लेन टेक्स्ट.

द्राक्षाच्या वाणाला मात्र कॉम्बो बॉक्स. थॉमसन, शरद सीडलेस, सोनाका, माणिक चमन, क्रिमसन ही नावं यादीत, आणि यादीबाहेरचा वाण असेल तर टाइप करायची मुभा. ड्रॉपडाउनमध्ये ही मुभा नसते, आणि त्यात ‘इतर’ ठेवला तर ‘इतर’ म्हणजे काय ते लिहायला आणखी एक रकाना वाढतो.

होय-नाहीसाठी दोन चेकबॉक्स शेजारी ठेवू नका. एकावर खूण केली की दुसऱ्याची जाते असं वर्डच्या चेकबॉक्समध्ये होत नाही. दोन्हींवर खूण झालेले अर्ज येतात, आणि मग शेतकऱ्याला फोन करावा लागतो. एकच उत्तर हवं असेल तर दोन नावांचा ड्रॉपडाउन. चेकबॉक्स ठेवायचा तो एकाहून जास्त उत्तरं चालतील तिथे: सोबत जोडलेली कागदपत्रं, सातबारा, आठ-अ, पासबुकाची प्रत वगैरे. आणि चेकबॉक्सची मूळ खूण फुली असते, तीही बदला. आपल्याकडे फुली म्हणजे ‘नाही’. सातबाऱ्यापुढे फुली पाहिली की तपासणारा म्हणतो, जोडलेला नाही. प्रॉपर्टीजमध्ये ‘चेक्ड सिम्बॉल’च्या पुढचं ‘चेंज’ दाबा, फॉन्ट सेगो यूआय सिम्बॉल घ्या, कॅरेक्टर कोडच्या जागी इंग्रजी आकड्यांत २६११ टाइप करा. बरोबरची खूण मिळेल.

तारीख

डेट पिकर टाकल्यावर कॅलेंडर येतं, पण तारीख दिसते कशी ते लोकेलवर, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगवर, ठरतं. अमेरिकन लोकेल राहिलं तर महिना आधी येतो. गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ५ ऑक्टोबरला झाली. अर्जावर १०/५ दिसलं. वाचणाऱ्याने १० मे वाचलं. बागेत मे महिन्यात गोड छाटणी नसते म्हणून ही चूक निदान लक्षात तरी येते. पण ४ सप्टेंबर आणि ९ एप्रिल? एप्रिलला खरड छाटणी (वेलीच्या नव्या काड्यांसाठीची) असतेच, तेव्हा ती चूक खपून जाते आणि तोडणीच्या दिवसांचा हिशोब पार चुकतो. प्रॉपर्टीजमध्ये लोकेल मराठी किंवा इंग्रजी (भारत) घ्या आणि महिना अक्षरांत येईल असा नमुना निवडा. महिना अक्षरांत असला की वादच नाही.

लेबलही नीट हवं. ‘छाटणीची तारीख’ अपुरं आहे, कारण छाटण्या दोन. ‘ऑक्टोबर छाटणी’ लिहिलं तर अर्ली द्राक्षं घेणारा बागलाणचा शेतकरी अडतो. त्याची छाटणी ऑक्टोबरच्या कितीतरी आधी उरकलेली असते. ‘गोड छाटणीची तारीख’ लिहा. डेट पिकरमध्ये हाताने काहीही टाइप करता येतं, म्हणून राखाडी मजकुरात ‘बाण दाबून तारीख निवडा’ असं सांगा.

एकापेक्षा जास्त गट

कुणाचा एक गट, कुणाचे पाच. पाच ओळी आधीच दिल्या तर एक गटवाल्याच्या अर्जात चार ओळी रिकाम्या, आणि सहा गटवाला शेवटच्या ओळीत दोन कोंबतो. यासाठी रिपीटिंग सेक्शन कंट्रोल आहे. आधी एक ओळ पूर्ण तयार करा: गट क्रमांक, हेक्टर, आर, वाण, गोड छाटणी, प्रत्येकात आपापला कंट्रोल. मग ती सगळी ओळ निवडून रिपीटिंग सेक्शन दाबा. ओळीत क्लिक केलं की उजव्या टोकाला अधिकचं चिन्ह दिसतं, ते दाबलं की तशीच कोरी ओळ खाली येते. टायटलमध्ये ‘आणखी गट असल्यास उजवीकडे + दाबा’ असं लिहा, कारण ते चिन्ह इतकं बारीक असतं की माहीत नसलेल्याला दिसतच नाही. हा कंट्रोल वर्ड २०१३ पासूनच आहे. टायपिंगच्या दुकानांत जुनी आवृत्ती असण्याची शक्यता धरून चालत असाल तर सरळ चार ओळी द्या आणि खाली ‘जास्त गट असल्यास पुरवणी जोडा’ लिहा.

जुने फॉर्म फील्ड कधी

डेव्हलपर टॅबवरच ‘लेगसी टूल्स’मध्ये जुन्या पद्धतीची फील्ड आहेत. कंटेंट कंट्रोलमध्ये नसलेली एक सोय त्यांच्यात आहे: अक्षरांची कमाल मर्यादा. मोबाइलला १०, पिनकोडला ६, आयएफएससीला ११ अशी मर्यादा घातली की जास्तीचं टाइपच होत नाही. कमी मात्र होतं.

मराठी मजकुराला ही मर्यादा घालू नका. ‘त्र्यंबकेश्वर’ घ्या. डोळ्यांना पाच अक्षरं. वर्ड मात्र प्रत्येक व्यंजन, हलन्त, मात्रा आणि अनुस्वार वेगळा मोजतो, आणि बेरीज होते १३. गावाच्या नावाला दहाची मर्यादा ठेवली तर भरणारा ‘त्र्यंबकेश’वर अडकतो आणि कीबोर्ड बिघडला असं समजतो.

बँक खात्याचा क्रमांक लेगसी फील्डच्या ‘नंबर’ प्रकारात घालू नका. त्याला आकड्यांचा फॉरमॅट लावला की सुरुवातीचे शून्य गळतात. ‘रेग्युलर टेक्स्ट’ ठेवा. पुढे ही माहिती एक्सेलमध्ये जाणार असेल तर तिथेही स्तंभ टेक्स्टचाच हवा; एक्सेल १५ आकड्यांपुढचे सगळे आकडे शून्य करून टाकतो. आणि आकडे देवनागरीत की इंग्रजीत, हे अर्जाच्या डोक्यावर एकदाच सांगा. संगणकाला ती वेगळी चिन्हं आहेत, एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. क्रमांक, रक्कम, क्षेत्र यांना इंग्रजी आकडे सांगितले की पुढची बेरीज-वजाबाकी सोपी जाते.

लेगसीची यादी २५ नावांपुढे जात नाही. १५ तालुके बसतात, राज्याचे ३६ जिल्हे बसत नाहीत. शिवाय ही फील्ड फक्त संरक्षण लावल्यावर काम करतात. एका अर्जात एकच जात वापरा. दोन्ही मिसळता येतात, पण नंतर दुरुस्ती करणाऱ्याला कुठलं कसं वागेल याचा अंदाज राहत नाही. आमची पसंती कंटेंट कंट्रोलला. मर्यादा घालणं अगदीच गरजेचं असेल तरच लेगसी. ॲक्टिव्हएक्सच्या वाटेला जाऊ नका.

एकदा लिहिलेलं नाव तीनदा

अर्ज, खाली हमीपत्र, त्याखाली पोच. तिन्हींत शेतकऱ्याचं नाव. तीनदा टाइप करायला लावलं तर तीन वेगळी नावं मिळतात. इन्सर्ट टॅबवर क्विक पार्ट्स, डॉक्युमेंट प्रॉपर्टी इथून ‘सब्जेक्ट’ किंवा ‘मॅनेजर’ टाका. हा कंट्रोलच असतो. प्रॉपर्टीजमध्ये त्याचं टायटल बदलून ‘अर्जदाराचं नाव’ करा, मग तोच कॉपी करून हमीपत्रात आणि पोचमध्ये चिकटवा. एका ठिकाणी भरलं की बाकी दोन्हीकडे आपोआप येतं. ‘ऑथर’ निवडू नका, तिथे वर्ड स्वतःच संगणकाच्या मालकाचं नाव भरतो आणि टायपिंगच्या दुकानदाराच्या नावाने हमीपत्र निघतं. ही माहिती फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही साठते, म्हणून खातेक्रमांकासारख्या गोष्टी या वाटेने घालू नका.

कुलूप

सगळं झाल्यावर डेव्हलपर टॅबवर ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’. दुसऱ्या भागात खूण करून ‘फिलिंग इन फॉर्म्स’ निवडा, मग ‘येस, स्टार्ट एन्फोर्सिंग प्रोटेक्शन’. आता टॅब दाबला की कर्सर एका रकान्यातून पुढच्या रकान्यात उडी मारतो आणि प्रश्नांना हात लागत नाही. अर्जाचा एखादा भाग मोकळा ठेवायचा असेल, समजा शेवटी ‘इतर काही सांगायचं असल्यास’ म्हणून अर्धं पान, तर त्याआधी कंटिन्युअस सेक्शन ब्रेक टाका आणि ‘सिलेक्ट सेक्शन्स’मध्ये तो भाग वगळा.

पासवर्ड दिला तरी याला सुरक्षा समजू नका. माहीतगार माणूस ते कुलूप सहज काढतो. ते फक्त चुकून हात लागू नये यासाठी आहे. पासवर्ड ठेवलाच तर ऑफिसच्या नोंदवहीत लिहून ठेवा. तो एकाच माणसाच्या डोक्यात असला आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर पुढच्या हंगामाला अर्ज पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो.

जतन आणि वाटप

सेव्ह ॲजमध्ये प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडा, म्हणजे फाइल डीओटीएक्स होते. त्यावर दोनदा क्लिक केलं की मूळ फाइल उघडत नाही, तिच्यासारखा नवा कोरा अर्ज उघडतो. साधी डीओसीएक्स दिली तर कुणीतरी एकाचा अर्ज भरून तीच फाइल सेव्ह करतो, आणि पुढच्या शेतकऱ्याच्या अर्जात आधीच्याचा पासबुक क्रमांक राहून जातो. टेम्प्लेटमध्येच दुरुस्ती करायची असेल तेव्हा उजवं क्लिक करून ‘ओपन’. ऑफिसात सामायिक फोल्डर असेल तर टेम्प्लेट तिथे ठेवा, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, फाइल लोकेशन्समध्ये ‘वर्कग्रुप टेम्प्लेट्स’ला तो पत्ता द्या, आणि फोल्डर बाकीच्यांना फक्त वाचता येईल असा ठेवा.

इंटरनेटवरून उतरवलेली फाइल वर पिवळी पट्टी घेऊन उघडते. ‘एनेबल एडिटिंग’ दाबेपर्यंत एकही रकाना भरता येत नाही. फाइल पाठवताना मेसेजमध्येच हे एक वाक्य लिहा, ‘फाइल चालत नाही’ असे निम्मे फोन कमी होतात. फोनवरच्या वर्डमध्ये कंट्रोल संगणकासारखे वागतील यावर विसंबू नका. लोक फोनवरूनच भरणार असतील तर गूगल फॉर्म घ्या.

वाटण्याआधी अर्ज एकदा मुद्दाम वाईट भरा. तालुक्यात ‘त्र्यंबकेश्वर’ निवडा, रकान्यात मावतो का पाहा. पत्त्यात सहा ओळी लिहा. सहा गट घाला. संरक्षण लावलेलं असतानाही अधिकच्या चिन्हाने ओळ वाढते का ते पाहा. सगळे रकाने रिकामे ठेवून छापा. मग अर्ज कधी न पाहिलेल्या माणसाला बसवा आणि त्याच्या मागे गप्प उभे राहा. तो जिथे थांबून विचारेल तिथल्या प्रश्नाची वाक्यरचना बदला. त्याला तोंडी समजावून काम भागवू नका, कारण सटाण्याच्या दुकानात समजावायला कुणी नसेल.

तळाशी फूटरमध्ये आवृत्ती आणि महिना लिहा. टेम्प्लेट बदललं तरी आधी तयार झालेले अर्ज जुन्याच रचनेचे राहतात, आणि लोक मागच्या वर्षीची व्हॉट्सॲपवरची फाइल वर्षभर वापरत राहतात. फूटर पाहिला की टेबलावरच्या माणसाला कळतं, या अर्जातलं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये विचारलेलं आहे की जुन्या मोकळ्या रकान्यातलं आहे.